पिस्टनवरचे जुने वार

मी एक डिझेल इंजिन आहे. मच्छिंद्र मिस्त्रीच्या गॅरेजमागे, बाभळीखाली पडल्या पडल्या बोलतोय. माझ्या फुटक्या सिलिंडरमध्ये पाणी साचलंय आणि त्यात अळ्या वळवळतात. किळस मला त्यांची येत नाही. माणसांची येते.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा आवाज एकसारखा होता. सत्त्याण्णव साली एका काळी-पिवळी जीपमध्ये बसून घनसावंगीला आलो. मालक भुजंग. दिवसभर अंबडच्या फेऱ्या. दहा जणांच्या जागी वीस कोंबायचे, दोघं टपावर, एक दारात लटकलेला, आणि वर पुन्हा हाक, ‘‘चला, एकच सीट!’’ गाडीला रोज अगरबत्ती लावायचा. पण माझं ऑइल डांबरासारखं काळं झालं तरी बदलायचा नाही. हात जोडायला पैसे लागत नाहीत ना!

माझ्या पुढच्या बाजूला दातांचा एक रबरी पट्टा होता, टायमिंग बेल्ट. वर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, खाली पिस्टन वर-खाली होतात. कोणी कधी यायचं, ते हा पट्टा सांभाळतो. मच्छिंद्र भुजंगला म्हणाला होता, ‘‘बेल्टाला चिरा पडल्यात. तुटला तर आतून मार बसंल.’’ भुजंग हसला. ‘‘तुटंल तवा बघू.’’

तो वडीगोद्रीच्या अलीकडे तुटला. माझे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळले. मी जागीच बंद पडलो. तेव्हा भुजंग गप्प बसला असता तरी चाललं असतं, पण हा चावी फिरवत राहिला, आणि प्रत्येक वेळी माझ्या आत लोखंडावर लोखंड ठोकलं गेलं. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना उतरवून त्यानं धक्काही मारायला लावला.

ट्रॅक्टरला बांधून मला गॅरेजात आणलं. मच्छिंद्रनं पाना लावून मला हातानं हळूहळू फिरवलं. एका जागी अडकलो. त्यानं पाना खाली ठेवला.

‘‘वरचं झाकण, हेड, खोलावं लागंल, भुजंगभाऊ. व्हॉल्व्ह वाकलेत. पिस्टन बी बघावे लागतील.’’

‘‘बिलकुल खोलायचं न्हाई,’’ भुजंग म्हणाला. ‘‘नवा बेल्ट टाक अन चालू करून दे. गाडी इकून राह्यलो मी.’’

‘‘कोणाला?’’

‘‘आक्काला.’’

मच्छिंद्र त्याच्याकडे बघत राहिला. आक्का म्हणजे चतुराबाई, भुजंगची सख्खी मोठी बहीण. कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी घेऊन ती शेतोशेती जायची. तिला गाडी हवी होती, नवरा पुंजाराम चालवणार होता. मच्छिंद्र काहीतरी बोलेल असं मला वाटलं. पण त्यानं बेल्ट टाकला.

चतुराबाई यायच्या आधी त्यानं मला तासभर चालवून गरम केलं, म्हणजे धूर कमी दिसावा. स्क्रू पिळून माझा वेग वाढवून ठेवला, म्हणजे थरथर कळू नये. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता. मी फुसफुसत होतो. ती बाई बॉनेटजवळ कान नेऊन उभी राहिली.

‘‘मच्छिंद्रा, मला यातलं कळत न्हाई. तू सांग. बराबर हाय का?’’

‘‘बराबर हाय, आक्का.’’

तिनं माझ्या बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं. भुजंगनं स्वतः नारळ फोडला. मला ओरडता आलं असतं तर तेव्हा ओरडलो असतो.

कापसाचा हंगाम सुरू झाला. चौदा बाया घेऊन मी जात होतो. पुंजाराम सावकाश चालवायचा, पाणी-ऑइल बघायचा. पण आतलं दुखणं वरून कसं दिसणार? एका संध्याकाळी शेतातून परतताना त्या वाकलेल्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं. पिस्टन फुटला, मी जाम झालो. मागची चाकं धरली गेली आणि गाडी फरफटत आडवी झाली. दारापाशी बसलेली गोजरबाई बाहेर फेकली गेली. तिचा उजवा हात कोपरातून मोडला. दोन्ही हातांनी झरझर बोंडं वेचणारी बाई ती. हात पुढं सांधला, पण वळला नाही.

आता कुठं मच्छिंद्रनं गॅरेजात माझं हेड उघडलं. चतुराबाई, पुंजाराम, भुजंग, सगळे भोवती उभे होते.

‘‘नशीब खोटं, आक्का,’’ भुजंग म्हणाला. ‘‘मशीनचं काय सांगता येतं?’’

चतुराबाई वाकून बघत होती. फुटलेला पिस्टन आतून चकचकीत दिसत होता. शेजारच्या तिन्ही पिस्टनांवर मात्र चंद्रकोरीसारखे वार होते, आणि त्या वारांवर काजळी बसली होती.

‘‘हे ताजं हाय, चमकून राह्यलं,’’ ती म्हणाली. ‘‘मंग हे तीन काळे कामून?’’

भुजंग खिशात गुटख्याची पुडी शोधू लागला.

‘‘मच्छिंद्रा, तुलाच इचारते.’’

मच्छिंद्रनं हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. ‘‘ते जुने हायेत, आक्का. इकायच्या आधीचे. बेल्ट तुटल्ता.’’

‘‘भुजंगला ठावं होतं?’’

‘‘दोघांना बी.’’

ती भुजंगकडे वळली. आवाज चढला नाही. ‘‘माझ्या गाडीत बाया बसत होत्या, भुजंगा. मी बसत होते.’’

‘‘आक्का, दुसरं इंजिन टाकून देतो ना!’’

‘‘गोजरबाईला हात टाकून दे.’’

पुंजारामनं मला गाडीतून उतरवायला लावलं आणि रिकामी गाडी ट्रॅक्टरला बांधून नेली. मी इथंच राहिलो.

दिवाळीला भुजंग गॅरेजात आला. आक्का भाऊबीजेला बोलवत नाही, तू मधे पड, म्हणून मच्छिंद्रच्या मागं लागला. मच्छिंद्र मान वर न करता म्हणाला, ‘‘आधी गोजरबाईकडं जाऊन ये.’’ भुजंगनं तोंडातला गुटखा घोळवला, माझ्यावर थुंकला आणि निघून गेला. गोजरबाईच्या घराच्या उलट्या दिशेनं.

भंगारवाला येईल तेव्हा येईल. मला वितळवा, खिळे करा, विळे करा. मागणं एवढंच आहे. गाडीचा बेल्ट तुटला तर चावी फिरवू नका, हेड उघडा, आत काय झालंय ते डोळ्यांनी बघा. आणि ते बघायची लाज वाटत असेल, तर निदान त्या गाडीत दुसऱ्याची माणसं बसवू नका.