सोमवारचा सांबार

आईला माती दिली त्याच आठवड्यात सांबार कापणीला आला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. आईच्या आजारपणात बाकीचे वाफे फुलावर गेले होते. विकण्याजोगा हा एकच राहिला होता. घरात ज्वारी होती. तेल आणि डाळ संपली होती, साखर भेटायला येणाऱ्यांच्या चहात गेली होती.

आमच्या गावचा बाजार रविवारी भरतो. आम्ही ख्रिस्ती, आणि आई रविवार प्रभूचा मानणारी. वडील गेल्यावरही तिनं बाजारात कधी दुकान लावलं नाही. सोमवारी टोपली डोक्यावर घेऊन ती आसपासच्या वस्त्यांवर जायची. मी मळ्यात पाण्यावर असायची, तिच्याबरोबर कधी गेले नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिची भाजी कोण घेत असेल, याचं मला कोडं होतं. लोक दयेनं घेत असावेत, असं मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी शेजारच्या मळ्यातल्या कौशल्याबाई आल्या. त्यांचा भाजीनं भरलेला ऑटो बांधाजवळ उभा होता.

“सांबार कापला नाही काय वं अजून?”

“नाही, मावशी.”

“उद्यापरेन पिवळा पडन तो. काप लवकर, माह्या ऑटोत टाक.”

“आज ऐतवार हाये.”

“मले नाही ठाऊक काय? तू जाय तुह्या चर्चमधी. मी विकतो. माह्या देवाले चालते ऐतवार.”

आई गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. त्या वाफ्याच्या कडेला टेकल्या.

“तुह्या मायले म्हणलं होतं मी एकडाव. तुह्या देवाले बाजाराचाच दिवस काऊन सापडला? तं म्हणे, सहा दिवस खाऊ घालते तो, सातव्या दिवशी इसरन काय? म्या म्हणलं, इसरला तं माह्या घरी येजो जेवाले.” त्यांनी वाफ्यातलं गवताचं एक पातं उपटलं. “आली नाही बाई कधी.”

विळा माझ्या हातात होता. मावशींच्या बोलण्यात खोट नव्हती. विकणार त्या होत्या, मी नव्हते. देव आहे आणि देव नाही, दोन्ही बाजूंची पुस्तकं मी वाचली आहेत. त्या वाफ्याशी त्यातलं एकही कामी आलं नाही. एवढंच वाटलं, की सांबार ऑटोत टाकला तर आईचं म्हणणंही तिच्याबरोबर पुरल्यासारखं होईल.

“नोको, मावशी. तुम्ही जा.”

“मायवरच गेली,” ऑटोत बसता बसता त्या म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं.

उपासनेत मी आईच्या जागेवर बसले. आई प्रार्थनेत तेल, डाळ अशी नावं घेऊन मागायची. मीही तशीच मागितली. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही.

सोमवारी दव असतानाच सांबार कापला. थोडा पिवळा पडला होता, तो निवडून टाकला. जुड्या बांधून वर ओलं फडकं टाकलं आणि जवळच्या वस्तीवर निघाले. पहिल्याच घरी ओट्यावर एक बाई गहू निवडत होती.

“संजीवनीबाईची पोरगी काय वं तू?”

“हाव.”

तिनं पदर डोक्यावर ओढला. “आयकलं आम्ही. बाई आजारी होती तवा बिनसांबाराची भाजी खाल्ली घरानं. नवरा कुरकुरे, बाजारातून आण म्हणे. मनच होत नाही ना. सोमवारी तुही माय येईनच, अशी सवय पडली.” मग तिनं सूप बाजूला सारलं. “कालही नाही आणला मी. दोन जुड्या दे.”

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. त्या अख्ख्या वस्तीत रविवारच्या बाजाराचा सांबार कुणाकडेच नव्हता. दयेचा तिथे काही संबंधच नव्हता. आईची जुडी भरगच्च असायची आणि ती न चुकता सोमवारी यायची. तिनं आपला रविवार कुणालाही समजावून सांगितला नव्हता, तरी या बायकांनी आपला बाजार त्याच्याभोवती बसवून घेतला होता.

शेवटच्या घरी पोचले तेव्हा टोपलीत काही उरलं नव्हतं. तिथली म्हातारी आत डोकावून म्हणाली, “आमच्यासाठी काहीच नाही ठेवलं? पुढच्या सोमवारी इकडूनच सुरू करजो.”

“हाव, आजी.”

वस्तीवरच्या दुकानातून तेल, डाळ पिशवीत घेतली. आई रिकामी टोपली काखेत मारून बांधाबांधानं घरी यायची. मी ती दिसेल अशी डोक्यावर पालथी घातली आणि मुद्दाम सडकेनं, कौशल्याबाईंच्या मळ्यावरून आले.