खिळ्यावरचा मग

"तिथं कुणी राहतं का?" मिसेस हॅलोरन यांनी बोट दाखवून विचारलं, आणि एझ्रनने काही कारण नसताना इंजिनाचा आवाज वाढवला.

नारळांच्या मागे युला मावशीच्या घराचं निळं छप्पर आंधळ्यालाही दिसलं असतं. वर चुलीचा धूर निघत होता. गुरुवारी सकाळी मावशी चर्चमधल्या बायकांबरोबर असते, हा एझ्रनचा हिशोब. त्या हिशोबावर विसंबूनच त्याने पाहुण्यांना आजचा दिवस दिला होता. आता धूर दिसतोय म्हणजे मावशी घरीच होती. मागे वळावं तर कारण काय सांगावं, हेही सुचेना.

एझ्रन मॉक्सीने उभी हयात बहामाच्या या बेटांभोवती बुड्या मारून शेवंडी आणि शंख काढले. मग कान गेले. आता बुडी मारलीस तर उरलंसुरलंही ऐकू येणार नाही, असं नासाउच्या डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून तो ऑल्बरीसाहेबांच्या गिऱ्हाइकांना होडीतून जमिनी दाखवत हिंडायचा. साहेब नासाउला पंख्याखाली बसून जमिनी विकायचे आणि एझ्रन उन्हात बसून त्या दाखवायचा. काम आज असे, उद्या नसे. पण हे हॅलोरन जोडपं कॅनडाहून आलेलं, मनाने मोकळं होतं. घर बांधलं तर वर्षातले आठ महिने ते बंद राहणार, त्याला विश्वासाचा राखणदार लागेल, असं हॅलोरन सकाळी सहज बोलून गेले होते. त्या एका वाक्यावर एझ्रनने मनात अख्खं म्हातारपण बांधून टाकलं होतं.

अडचण एकच होती. विकायची जमीन होती मागच्या टेकाडावर. समुद्र होता पुढे. आणि मधला पट्टा एझ्रनच्या आईच्या घराण्याचा, म्हणजे पणजोबांपासून सगळ्यांच्या सामाईक मालकीचा. अशी जमीन एकट्याला विकता येत नाही आणि तिथून कुणाला हाकलताही येत नाही. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्यातून एझ्रनची आई त्याच पट्ट्यात पुरलेली. आधीच्या एका गिऱ्हाइकाने कबर पाहिली आणि आल्या पावली होडीत जाऊन बसलं. दुसऱ्याने सामाईक मालकीची गोष्ट ऐकली आणि दुपारचं विमान गाठलं. "आधी त्यांना जमीन आवडू दे," ऑल्बरीसाहेबांनी फोनवर समजावलं होतं, "बाकीचं आपण मागाहून बघू." एझ्रनला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

होडी वाळूला लागली. युला मावशी दारात उभीच होती. इंजिनाच्या आवाजावरून भाच्याची होडी ओळखणारी बाई ती. एझी पाहुणे घेऊन येतोय हे गावात कानावर आलं म्हणून चर्चला न जाता थांबली होती, आणि वर चर्चची हॅटही डोक्यावर चढवली होती. ती हसत पुढे आली. तिने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात हॅलोरन यांनी विचारलं, "या कोण?"

जिभेला हाड नसतं हेच खरं. एझ्रन म्हणाला, "राखणदारीण आहे. म्हातारी आहे बिचारी. जायला सांगितलं की जाईल."

मावशी हाकेच्या अंतरावर होती आणि तिचे कान भाच्यासारखे गेलेले नव्हते. तिने उघडलेलं तोंड मिटलं. एझ्रनकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. लहानपणी तो तापाने फणफणला की ती अशी पाहायची, कपाळाला हात लावायच्या आधी. मग ती पाहुण्यांकडे वळली.

"या साहेब, या बाई. ऊन फार झालंय. लिंबाचं सरबत केलंय, घोटभर घ्या."

ओसरीवर तिने फळीवरचे सोनेरी काठाचे ग्लास काढले. ते ग्लास पाद्रीसाहेब आले तरच निघत. एझ्रनचा मग दारामागच्या खिळ्याला टांगलेला होता, निळ्या काठाचा, पत्र्याचा, एका जागी पोपडा उडालेला. दुधाचे दात पडायच्या आधीपासून तो त्या मगातून पीत आला होता. प्यायचं, पिंपाच्या पाण्याने मग आपणच विसळायचा, पुन्हा खिळ्याला टांगायचा, हा त्या घरातला त्याचा नेम. आज तो मगाकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या पुढ्यात सोनेरी काठाचा ग्लास आला.

"कॅप्टन, तुम्हीपण घ्या," मावशी म्हणाली.

मावशीच्या तोंडून त्याने कधी 'तुम्ही' ऐकलं नव्हतं. तिने चार थोबाडीत मारल्या असत्या, पाहुण्यांसमोर त्याचं पितळ उघडं पाडलं असतं, तर त्याने ते सोसलं असतं. पण ती त्याची लाज झाकत होती, आणि त्यामुळे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्लास त्याने तोंडाला लावून तसाच खाली ठेवला.

मिसेस हॅलोरन मात्र खूश होत्या. तुरीची झाडं पाहिली, चिकू चाखला, जॉनीकेकचा, म्हणजे तिकडच्या गोडसर जाड भाकरीचा, तुकडा मोडून नवऱ्याला भरवला. हिंडत हिंडत त्या अंगणाच्या टोकाला गेल्या. तिथे मोठ्या गुलाबी शंखांची लांबट चौकट वाळूत रोवलेली होती, आणि मधोमध एक चिनी मातीचा कप पालथा घातलेला होता. आईने शेवटचा चहा घेतलेला कप तो. माणूस ज्यातून शेवटचं प्यायलं ते भांडं त्याच्या कबरीवर ठेवायचं आणि एकदा ठेवलं की कुणी हात लावायचा नाही, अशी तिकडची रीत. शंख एझ्रनने स्वतः बुड्या मारून आणले होते. आई गेली त्या आठवड्यात तो पाण्याबाहेर फारसा आलाच नव्हता.

"बाग किती गोड आहे ही," मिसेस हॅलोरन म्हणाल्या.

"हो," एझ्रन म्हणाला. "जुनी बाग आहे."

एक शंख आठवण म्हणून नेला तर चालेल का, असं त्यांनी मावशीला विचारलं. बाईंच्या मनात खोट नव्हती. त्यांना बाग सांगितली, त्यांनी बाग मानली. मावशीने हातातला ट्रे खाली ठेवला.

"मला काय विचारता बाई? कॅप्टनना विचारा. ते म्हणतील तसं."

अजूनही वेळ होती. एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. एझ्रनला ते वाक्य येत होतं, ओठांवर आलंही होतं. पण त्यामागून बंद घर, राखणदाराची खोली, महिन्याच्या महिन्याला निश्चिंत झोप, असं सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे आलं.

"न्या की," तो म्हणाला.

शंख खोल रुतलेला होता, बाईंच्याने निघेना. मग एझ्रननेच गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी तो उपसून काढला. होडीपर्यंत नेलाही त्यानेच. मागे वळून पाहायची त्याची छाती झाली नाही.

पुढच्या आठवड्यात ऑल्बरीसाहेबांचा फोन आला. हॅलोरन मंडळींनी दुसऱ्या बेटावर, विमानतळाच्या जवळ जागा घेतली होती. तुमच्याकडे संध्याकाळी चिलटं फार चावतात म्हणे. साहेब हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं बोलू लागले. तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं हाती यायचं तेवढं बाकी होतं, ते दुपारी होडी धुताना आलं. मागच्या फळीखाली, दोराच्या वेटोळ्याआड शंख पडलेला होता. बाई तो न्यायला विसरून गेल्या होत्या.

एझ्रन होडीच्या काठावर बसून राहिला. आईच्या कबरीवरचा शंख त्याने ज्या बाईंसाठी उपसून दिला, त्यांच्या तो लक्षातही राहिला नव्हता. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आली ती नुसती लाज. ती कानांपर्यंत चढली.

तो शंख घेऊन गेला तेव्हा मावशी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "ये एझी. बस." आवाजात राग नव्हता. गुडघा कसा आहे, कान वाहतो का, नेहमीचं सगळं विचारून झालं. तिने पुन्हा 'एझी' म्हटलं, 'ये' म्हटलं, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला. माफी मागायची वाक्यं तो वाटभर घोकत आला होता. त्यांची गरजच उरली नाही असं वाटून तो थोडा सैलावला.

मावशी आत गेली आणि सरबत घेऊन आली. सोनेरी काठाच्या ग्लासात.

त्याने दारामागे पाहिलं. खिळा रिकामा होता.

"माझा मग?"

"क्लिओमीकडं आहे," ती शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. क्लिओमी म्हणजे त्याची आई. "चौकट मोडकी ठेवून कसं चालेल? म्हणून जे होतं हाताशी ते ठेवलं."

तो अंगणाच्या टोकाला गेला. शंखांच्या रांगेत पडलेल्या खळग्यात निळ्या काठाचा मग पालथा बसवलेला होता. नीट, वाळू दाबून. जिवंत माणसाचं भांडं कबरीवर कुणी ठेवत नाही. आणि ठेवलेलं कुणी परत उचलत नाही. त्याने हातातला शंख पुढे केला, पण शंखाला आता तिथे जागा नव्हती. शेवटी त्याने तो चौकटीच्या बाहेर, वाळूवर नुसता टेकवला.

परत येऊन तो सरबत प्यायला. एका दमात, सगळं. मावशीच्या मांडीवरच्या परातीत तुरीचे दाणे पडत राहिले. मग तो उठला, ग्लास घेतला आणि सवयीने पिंपाकडे निघाला.

"राहू दे रे," मावशी म्हणाली. "पाहुण्यांनी भांडी नसतात विसळायची."

त्याने ग्लास कठड्यावर ठेवला आणि तो होडीकडे चालू लागला.