सूर्यभानची गाडी काट्यावर

महादेवरावांनी पाचव्यांदा बटण दाबलं आणि माऊस टेबलावर आपटला. पडदा ढिम्म. खिडकीबाहेर सूर्यभानची कापसानं भरलेली बैलगाडी वजनकाट्यावर उभी होती आणि तिच्यामागे तेल्हाऱ्याच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागली होती.

“मॅडम, तुमचा वजनाचा प्रोग्रॅम तं मेला,” मॅनेजर महादेवराव म्हणाले.

जेबानं खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात प्रिंटर घरघरला आणि एकामागून एक पाच पावत्या बाहेर पडल्या. पाचही सूर्यभानच्या. अडून बसलेला प्रोग्रॅम मोकळा होताच त्यानं बटणाचा प्रत्येक हुकूम इमानेइतबारे पाळला होता.

“पाच गाड्या आणल्या काय म्या?” सूर्यभान खिडकीतून ओरडला. “भाव पडेल हाय, पीक अर्धं आलं. चला, मशीनले तरी दया आली!”

सगळे हसले. जेबाही हसली.

“जेवणापर्यंत पायतो,” महादेवराव पावत्या फाडत म्हणाले. “नाही जमलं तं हे काढून ठेवतो आन पयल्यासारखं हातानं लिवतो. तुमच्या भावाले बोलावू काय?”

“नाही. मीच करते.”

अकोल्यातल्या बहीणभावाच्या लहानशा ऑफिसात प्रोग्रॅम जेबा लिहायची आणि गिऱ्हाईक तनवीरभाईशी बोलायचं. हे काम तिनं भांडून एकटीनं घेतलं होतं. तनवीर आला की आपल्याकडे कुणी बघतही नाही, तेव्हा त्यानं तेल्हाऱ्याला फिरकायचं नाही, असं तिनं त्याला बजावलं होतं. आज हे फसलं तर पुन्हा मागच्या खोलीतलं टेबल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं बाहेर पाहिलं. डावा बैल माश्या वारत पाय बदलत होता. या भागात काट्यावर बैल सोडत नाहीत. भरल्या गाडीचं वजन बैलांसकट होतं आणि रिकामीचंही. जेबानं हे लहानपणापासून पाहिलेलं. चाचणी मात्र तिनं घेतली होती ती उभ्या ट्रकवर, आणि ट्रक काही माश्या वारत नाही! तिला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली.

प्रोग्रॅम विंडोज आणि लिनक्स या दोन्ही संगणकप्रणालींवर सारखाच चालतो, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. ऑफिसातल्या विंडोजवर स्थिर वजन नाही मिळालं, तर वजन वाचणारी ओळ क्षणभर थांबून रिकाम्या हातानं परतायची. इथल्या लिनक्सवर ती ठाण मांडून बसत होती. पडदा सांभाळणारा थ्रेडही, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा धागाही, तोच, त्यामुळे बैल हलले की सगळंच ठप्प.

महादेवराव गाडीवाल्यांची समजूत घालायला बाहेर गेले. जेबानं वाट बघायचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकलं. त्या थ्रेडनं वजन हाती येताच थेट पडद्यावर लिहायला घेतलं आणि अख्खा प्रोग्रॅमच कोसळला. विंडोजवर ही आगाऊ घाई खपून गेली असती. तिनं ओठ चावला. मग नव्या थ्रेडनं फक्त निरोप द्यायचा आणि पडद्यावर जुन्यानंच लिहायचं, अशी व्यवस्था लावली. वजन येईपर्यंत दुसऱ्यांदा बटण दाबलंच जाणार नाही, हेही पाहिलं.

महादेवराव चहाचे कप घेऊन आले, तेव्हा पडद्यावर सूर्यभानच्या गाडीचा आकडा वरखाली नाचत होता.

“काका, बैल थांबेपर्यंत मागच्या गाडीवाल्याचं नाव भरा,” जेबा म्हणाली.

त्यांनी भीत भीत नाव भरलं. पडदा अडला नाही. बाहेर सूर्यभाननं बैलांच्या पाठीवर हात ठेवला, आकडा स्थिर झाला आणि पावती आली. एकच.

“जमलं की!” महादेवराव चहा पुढे करत म्हणाले. मग थोडे घुटमळले. “रागावू नका, पण तुमचे भाऊ बाहेर टपरीवर बसून हायेत. सकाळपासून, असं टपरीवाला म्हणते. म्या म्हनलं, आत या. तं म्हनते, तिनं बोलावलं तरच येईन.”

जेबाचे हात थांबले. राग यायला हवा होता, आला नाही. उलट इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिनं चहाचा मोठा घोट घेतला. जीभ पोळली.

“त्याईले म्हना, जेवून घ्या,” ती म्हणाली. “मले वेळ हाय अजून. पुढची गाडी येऊ द्या.”