चार बोटं गहू

“आता मी जे सांगणार हाय, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाय,” वाळूआबा म्हणाले. “नाशकात नाय, तिरमकात नाय, हरसूलच्या बाजारात तर चहा पाजून सांगितलं तरी नाय. पण घडलं ते घडलं, त्याला मी काय करू?”

समोर घरातली तिघं आणि बिल्डिंगमधल्या एक बाई, अशी चौघं होती.

सूनबाईंनी, म्हणजे साधनाने, नुकताच मापाचा डबा कोठीत खुपसला होता. तो चार बोटं आत गेला आणि ठण्ण वाजला. गव्हात डबा खुपसला की खस्सकन आवाज होतो. ठण्ण होत नाही. तिने वरचा गहू हाताने सारला, तर खाली परात. महिनाभर सापडत नसलेली, तिच्या माहेरची. परात उचलली तर खाली तिच्या नवऱ्याचा, महेशचा रेनकोट. त्याखाली सोफ्याची उशी, जिच्यापायी कामवालीला दोनदा टोचून विचारून झालं होतं. मग मच्छरदाणी, मग रद्दीचा गठ्ठा, आणि तळाला चार विटा. दुसरी कोठी उघडली, तीत तेच. तिसरीत विटा पाच.

महेश हातात रेनकोट धरून उभा होता, ओला झालेला माणूस उभा राहतो तसा. बिल्डिंगच्या सेक्रेटरी छायाताई ‘बेगमी कशी करावी’ याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायला म्हणून आल्या होत्या. त्यांच्या फोनमध्ये चित्रीकरण चालूच होतं आणि ते बंद करायचं त्यांना सुचत नव्हतं. आबांच्या पत्नी नवसाबाई मात्र खाली बसल्या होत्या. कोठ्यांमधून निघालेला चार-चार बोटं गहू त्यांनी सुपात घेतला होता आणि त्या तो मुकाट पाखडत होत्या.

या कोठ्यांची मुळात भानगड काय, ते आधी सांगायला हवं.

वाळूआबा चार वर्षांपूर्वी हरसूलची जमीन धाकट्या भावाच्या हवाली करून नवसाबाईंसह लेकाकडे गंगापूर रोडला राहायला आले. चौथा मजला, लिफ्ट, दारावर पितळी नाव. पण त्या घरात आबांच्या हाताला काम म्हणून नव्हतं. पाणी नळाला, दूध पिशवीत, पाऊस आला तरी धावत जाऊन काही झाकायचं नाही. गावाकडे ज्याला विचारल्याशिवाय आळीतली पेरणी सुरू होत नसे, त्याला इथे एवढंच विचारलं जाई, “आबा, टीव्हीचा आवाज कमी करू का?” आणि उत्तर यायच्या आत आवाज कमी होई.

मग सिंहस्थ तोंडावर आला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर निरोपांचा पूर आला. कोटीकोटीनं माणसं येणार, रस्ते बंद होणार, दुधाच्या गाड्या ओझरलाच अडवणार, नाशकात मीठसुद्धा मिळणार नाही. साधना एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथे ती तपासल्याशिवाय कशावर सही करत नसे. पण हे निरोप ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि पांढरी पडायची. त्याला कारण होतं. टाळेबंदीत, मुलं लहान असताना, तिच्या घरात सतरा दिवस कणीक नव्हती. ते दिवस बाकी सगळे विसरले, ती विसरली नाही. तिने तांदूळ आणला, तूरडाळ आणली, तेलाचे डबे आणले, गूळ आणला, आणि दीड क्विंटल गहू आणून सासऱ्यांसमोर उभी राहिली.

“आबा, हा टिकवायचा कसा?”

या एका प्रश्नाने आबा दोन इंच उंच झाले. अतिशयोक्ती नाही, त्या आठवड्यात त्यांचा सदरा आखूड पडायला लागला.

“माझ्या हातानं भरलेल्या कणगीला उभ्या जन्मात कीड लागली नाय,” ते म्हणाले. “एकदा एक सोंडा आत शिरला व्हता. उपाशी मेला.”

मागची बाल्कनी बंद करून खोली झाली, तिला कुलूप आलं, आणि कुलपाची किल्ली साधनाने आबांच्या हातात दिली. त्यांनी ती करदोड्याला बांधली. अंघोळीलाही काढत नसत. रोज सकाळी खोलीत जायचं, कोठ्यांवरून हात फिरवायचा आणि बाहेर येऊन सांगायचं, “गहू ठीक हाय.” साधना डबा भरता भरता म्हणायची, “तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते, आबा.” महेश त्यांना अन्नमंत्री म्हणायला लागला होता. चार वर्षांत प्रथमच टीव्हीचा आवाज कमी करण्याआधी लोक उत्तराची वाट पाहू लागले.

आणि इतकं सगळं त्या किल्लीवर लटकलेलं असताना आबांनी चूक केली. तीही अशी, की हरसूलकडे शेंबडं पोरसुद्धा करणार नाही.

गव्हाला वैशाखात तीन दिवस ऊन दाखवायचं. मग तो घरात सावलीला पसरून रात्रभर निववायचा, सकाळी एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि मगच भरायचा. निववल्याशिवाय भरायचा नाही. गरम गहू कोंडला की त्याला आतल्या आत घाम सुटतो आणि त्या घामावर कीड पोसते. तर तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला गहू गच्चीवर साड्यांवर पसरलेला असताना लॅबमधून साधनाचा फोन आला. “आबा, ग्रुपवर आलंय, धान्य साठवणाऱ्यांवर छापे पडणार आहेत. गच्च्यांवरून ड्रोन फिरणार आहेत. गहू आत्ताच्या आत्ता खाली घ्या.”

आबांनी वर पाहिलं, तर खरोखरच काहीतरी घूं घूं करत होतं. पलीकडच्या लॉन्सवर लग्न होतं आणि नवरानवरीचं वरून शूटिंग चाललं होतं, हे त्यांना कोण सांगणार? सत्तरीचा माणूस दीड क्विंटल गहू घेऊन चार वेळा जिना उतरला. नवसाबाईंनी पोत्याचं तोंड कोठीवर धरलं.

“हात पोळतोय ओ. निवू द्या की जरा.”

“पोळू दे. ऊन चांगलं लागलंय.”

पाला पडला, एरंडेल राहिलं, झाकणं बसली. झाकणं बसताना कोठीच्या पत्र्याला हात लागला तरी चटका बसत होता. उद्या उघडून निववू, असं आबांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ड्रोन आणि छापे पुन्हा आले, झाकणं बंदच राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला सांगितलं, माझ्या हाताला कीड लागत नाही.

आषाढातल्या एका सकाळी त्यांनी नेहमीसारखा कोठीवर तळहात ठेवला आणि काढून घेतला. बाहेर गारठा, खोलीत ओल, आणि कोठी तापलेली. ताप चढलेल्या माणसाचं कपाळ असतं तशी. त्यांनी झाकण उचललं. आतून आवाज येत होता, कोणी दूरवर वाळूवरून चालावं तसा. गहू हलत होता. वरचा थर या कडेकडून त्या कडेला सावकाश चालला होता. त्यांनी हात घातला, तर कोपरापर्यंत पीठ लागलं आणि त्या पिठावर काळे सोंडे वर चढू लागले. आबांनी जन्मात साप पाहिले, बिबट्या पाहिला, पण जागचे कधी हलले नव्हते. त्या दिवशी ते तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले. दुसरी कोठी उघडायची हिंमत त्यांना अर्ध्या तासाने झाली.

बाहेर आले तर साधना डब्याचं झाकण लावत होती.

“आबा, गहू?”

त्यांचा हात करदोड्याकडे गेला. “ठीक हाय,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून आबांना सकाळी फिरायला जायची फार आवड उत्पन्न झाली. रोज कापडी पिशवीत चार किलो घ्यायचे आणि सोमेश्वरच्या बाजूला जाऊन कबुतरांना घालायचे. छत्तीस सकाळी. ती कबुतरं अशी माजली, की त्यांनी तारांवर बसणं सोडलं. बसली की तारा रस्त्याला टेकायच्या आणि रिक्षावाले शिव्या द्यायचे. कोठ्या रिकाम्या होतील तशी घरातली एकेक वस्तू आत गेली. कोठी वाजवली तर पोकळ वाजू नये म्हणून उशी, हलवली तर हलू नये म्हणून विटा. वरच्या चार बोटांसाठी चांगला गहू त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. सिंहस्थापर्यंत काहीतरी जुळवू, असा त्यांचा हिशेब होता. तो सिंहस्थ येण्याआधी छायाताई आल्या.

“बुधवार व्हता,” आबा आता सांगत होते. “तुम्ही दोघं कामावर, पोरं शाळेत, ही भाजीला गेलेली. बेल वाजली. दार उघडलं तर साधू. एवढा उंच, की त्याचं तोंड दिसायला मला मागं सरकत स्वयंपाकघरापर्यंत जावं लागलं.”

“लिफ्टने आला?” महेशने विचारलं.

“लिफ्टमध्ये मावंना. जिन्यानं आला, वाकून. म्हनला, बाबा, और कुछ नहीं, कमंडलू भर गेहूँ दे दो. कमंडलू केवढा, तर ही एवढी वाटी. दारात आलेल्याला नाय म्हणायचं का? मी एक माप टाकलं. तळ दिसतोय. दुसरं टाकलं. तळ दिसतोय. म्हटलं, महाराज, भोक हाय का काय? तर हसला. मग मी पण इरेला पेटलो. बाराला पहिली कोठी संपली. दीडला दुसरी. तीनला तिसरी.”

“दीड क्विंटल गहू,” साधना एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “वाटीएवढ्या कमंडलूत?”

“मी पण हेच म्हनलो त्याला.”

“गेटवर कॅमेरा आहे, आबा,” महेश म्हणाला. “बुधवारचं बघता येईल.”

“मग बघ की. त्यात दिसला तर तो साधू कसला?”

छायाताईंचा मोकळा हात नकळत छातीशी गेला. त्यांच्या सासूने मागच्या सिंहस्थात असंच काहीसं पाहिलं होतं, असं त्या पुटपुटल्या. आबांनी ते ऐकलं आणि त्यांच्या आवाजात बळ आलं.

“आणि उशी?” साधनाने विचारलं. “रेनकोट? माझी परात?”

“त्यानंच सांगितलं. बच्चा, रिकामी कोठी घरात ठेवायची नाय. मिळेल ते भर. शाही स्नान झालं की मी येईन, आणि तू जे भरशील त्याचं गहू होईल.”

महेशने हातातल्या रेनकोटाकडे पाहिलं.

साधना तांदळाच्या पोत्यावर बसली. आबा बसले होते त्याच पोत्यावर. तिचा राग कुठेतरी मधेच गळून पडला होता आणि चेहरा ते निरोप वाचताना व्हायचा तसा झाला होता.

“मी अडीच महिने रोज विचारत होते,” ती हळू आवाजात म्हणाली. “रोज तुम्ही ठीक आहे म्हणत होतात. खरंच रस्ते बंद झाले, तर मी मुलांना काय घालू, आबा?”

तिथे आबा थांबले असते तर थांबता आलं असतं. खरं बोलायला तोंड अर्धं उघडलंही. पण छायाताईंचा फोन रोखलेला होता, महेश वाट पाहत होता, आणि करदोड्याची किल्ली पोटाला टोचत होती. किल्ली गेली की मागे उरणार तो टीव्हीचा आवाज. साधूला गहू दिला यात काही कमीपणा नाही, फक्त गहू चांगला होता एवढं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

“घाबरू नको, पोरी. त्याला कळलं की हा साधासुधा गहू नाय,” ते म्हणाले. “जाता जाता त्यानं मूठभर गहू तोंडात टाकला. डोळे मिटले. म्हनला, काशी हिंडलो, हरिद्वार हिंडलो, पण असा गहू नाय पाहिला. एक दाना फुटलेला नाय, एक किडा नाय. आणि ठंडा कसा, तर गंगेच्या पान्यासारखा. म्हनला, किसके हाथ ने भरा है?”

सुपाचा आवाज थांबला.

इतका वेळ त्या खोलीत तेवढा एकच आवाज चालू होता, म्हणून तो थांबल्यावर सगळ्यांनी खाली पाहिलं. नवसाबाईंनी सूप मांडीवर ठेवलं होतं.

“ठंडा?” त्या म्हणाल्या.

आबांनी किल्लीवर हात ठेवला. “अगं, साधू म्हनला. मी नाय म्हनलो.”

“साधू येऊ दे, कमंडलू येऊ दे, मी काय बोलले? म्हटलं, सांगतात तर सांगू दे.” त्यांनी दोन्ही तळवे साधनापुढे उघडे केले. “पण ठंडा म्हनू नका. पोत्याचं तोंड मी धरलं व्हतं. तीन दिस हळद लावली हाताला. गहू गरम भरला तुमी, सोंड्यांनी खाल्ला, आन् उरला तो कबुतरांना घातला. तुमची फिरायची पिशवी धुतंय कोण? साधूबिधू कोणी आला नाय. सोडा ती किल्ली, द्या इकडं.”