बदकाच्या खाचेतला हात

माझ्या मामाचा उजवा हात गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात सुखरूप पोचला. साधा ओरखडासुद्धा नाही.

पण तुम्ही हे वाचलंच नाही असं समजा, मीही लिहिलं नाही. त्या सोमवारी सकाळी असलं काहीही झालेलं नव्हतं आणि आम्ही दोघं एक मातीचं बदक तिकडे पाठवायला पेटीत बांधत होतो.

आमच्या संग्रहालयात वस्तू बांधायचं काम मामा तीस वर्षं करतोय. सगळे त्याला मामाच म्हणतात, अगदी संचालकसुद्धा. माझा मात्र तो खरोखरचा आहे, आईचा धाकटा भाऊ. मी त्याच्या हाताखाली काम शिकले. त्याचे नियम दोन. वस्तू उचलायची ती दोन्ही हातांनीच. आणि वस्तू बसायची खाच कापण्यासाठी फोमवर आकार काढताना पेन्सिल टेकवली की उचलायची नाही, मध्ये काहीही आलं तरी वळसा घालायचा.

बदकाच्या मानेला जुना जोड होता. म्हणून ते फोमवर आडवं ठेवून मामाने मान धरली, मी पेन्सिल फिरवली. मध्ये चार बोटं आणि एक अंगठा आला. मी वळसा घातला. मग कापलंही.

मामा खाचेकडे बघत राहिला. "पोरी, हे काय?"

"वळसा."

"बदकाला पंजा फुटलाय गळ्यातून." मग खाचेच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "वळसा मात्र सुरेख घेतलायस हं."

तेवढ्यात नोंदणीबाई तक्ता घेऊन आल्या. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडून टाचणीही बाहेर जात नाही. "पेटीत रिकामी जागा चालत नाही," त्या म्हणाल्या. "वस्तू हलते."

"कापलेला तुकडा परत बसवते," मी म्हटलं.

"जोड चालत नाही."

"दुसरा फोम?"

"हा शेवटचा. नवा तीन आठवड्यांनी. ट्रक चारला."

मी हातमोज्यात कापूस भरून खाचेत ठेवला. बाईंनी दाबून बघितला. "दबतोय." मग, केवळ मोजमाप घ्यायचं म्हणून, मामाने आपला हात खाचेत ठेवला. तो असा बसला की बाईंनी पहिल्यांदा कौतुकाने मान हलवली आणि सही केली. सही झाल्यावर पेटीतलं काहीही काढता येत नाही.

इथे एक सांगायला हवं. मामाच्या मुलीचे, म्हणजे आमच्या ताईचे, दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी गुरुवार सांगितला होता. बाळाला पहिल्यांदा आपण घ्यायचं, एवढी एकच गोष्ट मामाने जन्मात स्वतःसाठी मागितली होती. दोन महिने तो तीन किलोची वाळूची पिशवी छातीशी धरून सराव करत होता. पिशवीचं डोकंसुद्धा सांभाळायचा.

पेटीच्या बाजूला मनगटाएवढं भोक पाडून कडेला मऊ कापड लावलं. हाताला खरचटू नये म्हणून नव्हे, हातामुळे पेटीला खरचटू नये म्हणून. ट्रकमधून मामाने मामीला फोन लावला. मी स्पीकर धरला होता, कारण त्याच्या डाव्या हातात कागदपत्रं होती.

"हात पेटीत आहे म्हणजे काय?" मामी ओरडली. "बाकीचा तू कुठेयस?"

"पेटीबाहेर."

"मग बाकीचा ये ना घरी!"

दोन दिवसांनी पोचलो. तिथल्या हवेची सवय व्हावी म्हणून पेटी चोवीस तास उघडायची नसते. मामाही उघडला गेला नाही. स्टुलावर बसून तो पेटीशेजारी हवेची सवय करून घेत होता, तेव्हा ताईला मुलगी झाली. बाळाला पहिल्यांदा मामीने घेतलं. मामा म्हणाला, "असू दे. दुसऱ्यांदा मी."

पेटी उघडणाऱ्या अधिकाऱ्याने निघेल ते सगळं लिहून काढलं. एका खाचेतून आलेल्या वस्तू हा एक संच, असा नियम आहे. बदक, क्रमांक ४१२-अ. "४१२-ब : उजवा हात. अवस्था मध्यम. अंगठ्याच्या नखाला जुना टवका. तर्जनीवर गोंदाचे डाग. अधूनमधून आपोआप हालचाल, कारण अज्ञात. प्रदर्शनास अयोग्य."

बदक तिथे राहिलं, हात परत आला.

"अयोग्य?" मामी तणतणली. "त्या मेल्याला म्हणावं, ये इकडे, दाखवते तुला योग्य काय ते!"

पण हात आता संग्रहात होता. मामाने स्वतःच पावतीवर सही केली, डाव्या हाताने. उजव्याला पांढरा हातमोजा, ऊन वर्ज्य, संग्रहाबाहेरच्या कशालाही स्पर्श नाही. ताई बाळाला घेऊन थेट कार्यालयात आली.

नोंदणीबाईंनी चष्मा लावला. "गळतं का?"

ताई खोटं बोलत नाही. "गळतं."

"मग नाही."

"बाबा, डाव्या हाताने घ्या ना!" ताईच्या डोळ्यांत पाणी.

मामाने डावा हात पाठीमागे घेतला. "एका हाताने नाही उचलायची गं," तो म्हणाला. "तीस वर्षं सगळ्यांना हेच शिकवलं."

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. त्याची नक्कल खाली देत आहे.

प्रति, नोंदणी विभाग.
विषय : संग्रह क्र. ४१२-ब एका तासासाठी उसना मिळणेबाबत.
महोदया, उपरोक्त वस्तू तिच्या नातीस धरण्याकामी हवी आहे. नातीचे वजन तीन किलो शंभर ग्रॅम असून मान कच्ची आहे, सबब दोन्ही हात आवश्यक आहेत. वस्तू जशी नेली तशी, पुसून, परत करू. मात्र बाळाने वस्तूचे बोट घट्ट धरल्यास, ते बाळाने आपणहून सोडेपर्यंत मुदत वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.