सवतीचा मासा

कावळा काही शिवेना. गच्चीवर पान ठेवून आम्ही तासभर उन्हात उभे होतो. शेवटी ह्यांनी भाताचा मूठभर घास उचलला, खाली आले आणि काचेच्या टाकीत सोडला. मासा लगेच तोंड मारायला लागला. "जेवली," असं म्हणून ह्यांनी डोळे पुसले.

जेवली म्हणजे सावित्रम्मा, ह्यांची पहिली बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. टाकी तिची, आणि तिने आणलेल्या माशांतला हा एकच गोल्डफिश उरलेला. मी ह्या घरात येऊन आठ वर्षं झाली. दरवर्षी तिच्या श्राद्धाचा स्वयंपाक मीच रांधते. नावं कुणी ठेवत नाही. पण "सावित्रम्माची आमटी..." एवढं म्हणून नणंद गप्प होते ना, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

नणंदेचे गुडघे धरलेले, म्हणून जेवणं उरकून हे तिला एसटीने अकलूजला सोडायला गेले. मी मागचं आवरून पानावर बसणार, तेवढ्यात लाईट गेली. भवानी पेठेतले सगळे यंत्रमाग एकदम थांबले. टाकीतला हवेचा पंपही बंद पडला. भात फुगून पाणी आधीच दुधाळ झालं होतं. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला.

ह्यांना फोन केला, तर घाबरलेच. भात गाळणीने काढ, तांब्याने पाणी उचलून उंचावरून सोडत राहा, म्हणजे त्यात हवा मिसळते, अजिबात थांबू नको, असं चारचारदा सांगितलं. मी जेवले का, हे एकदाही विचारलं नाही. मला कावीळ झाली होती, तेव्हा हाच माणूस डबा भरून मुकाट दुसऱ्या पाळीला गेला होता.

दोन तास पाणी उचललं. खांदा भरून आला. मग तांब्या ठेवला आणि सरळ भिंतीला टेकून बसले. जाऊ दे की एकदाची. मला कोण बोलणार? दोष लाईटवाल्यांचा. मासा हळूहळू एका कुशीवर झाला, तेव्हा कुठे ध्यानात आलं. ही आज गेली, ऐन श्राद्धाच्या दिवशी, तर हे पुन्हा तसेच रडणार. एकदा मेलेलीशी भांडता येत नाही, ते मी आठ वर्षं भोगतेय. दोनदा मेलेलीपुढे माझं काय चालणार? मेली जन्माची जिंकेल. उठले, आणि पुन्हा तांब्या उचलला.

सातला हे आले, तरी लाईट नव्हतीच. माझा पदर चिंब, फरशीवर पाणीच पाणी. मासा मात्र सरळ झाला होता, हळू का होईना कल्ले हलवत होता. ह्यांनी चपलाही न काढता टाकीत वाकून पाहिलं आणि माझ्या हातातून तांब्या घेतला. किती हलक्या हाताने पाणी सोडत होते. तापात माझ्या कपाळावर कधी हात न ठेवलेला माणूस. माझ्याच्याने राहवेना.

"मी गेल्यावर मला कशात ठेवणार?" मी विचारलं.

धार मध्येच तुटली. थोड्या वेळाने पुन्हा लागली.

"तू जाऊ नको की," हे म्हणाले. एवढंच, आणि तेही माशाकडे बघत.