नौका तेराचा नववा भाग

चमचा अजून हवेतच होता. तो खाली पडणार नाही हे जगदेवीला ठाऊक होतं — तिथे खाली असं काही नसतंच — तरी तिचा हात आपसूक टीव्हीच्या दिशेने पुढे झाला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून तिने तो पदराला पुसला. पडद्यावर अंतराळयानाचा म्हातारा स्वयंपाकी कुणाशी तरी भांडत होता. भांडता भांडता त्याने चमचा सोडून दिला होता आणि भांडण संपल्यावर, मागे न बघताच, हात मागे नेऊन तो बरोबर पकडला. घरात रोज वावरणाऱ्या माणसाचा हात असा असतो... हा एक, जगदेवीने मनात म्हटलं. अजून दोन.

तीन सांगायचे असत. नियम स्वप्नालीचा, तिच्या सुनेचा. नवरा ईश्वरप्पा वजिराबादला हार्डवेअरच्या दुकानात, मुलगा सोमेश ऑफिसात, आणि दुपारची भांडी आवरली की दोघी सासू-सुना 'नौका तेरा' लावून बसत. मालिका परदेशातली, पण माणसं हिंदीत बोलायची. भाग संपला की दोघींनी आपापले तीन आवडते क्षण सांगायचे; सांगितल्याशिवाय चहा नाही. स्वप्नालीचे क्षण मोठे — यान जळत जळत वातावरणात शिरतं ते, दोन सूर्य एकदम मावळतात ते. आणि जगदेवीचे हे असले. "आत्या, एवढं मोठं आभाळ सोडून तुम्ही भांडीच बघून राहिल्या की!" ती हसायची. हसायची, आणि मग सातवी शिकलेल्या सासूला परातीच्या कडेने कणकेची गोळी फिरवून दाखवायची, की यान ग्रहाभोवती फिरतच का राहतं, पडत का नाही.

चार वर्षं. लग्नाच्या त्या चार वर्षांत सोमेश बायकोशी किती शब्द बोलला असेल? भांडण नव्हतं, मारहाण नव्हती, बाहेर काही नव्हतं — नुसतं 'वाढ' आणि 'येतो'. स्वप्नालीने हसून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी तीही गप्प झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "ह्या घरात मला फक्त तुमच्याशी बोलता येतं, आत्या. पन लग्न तर त्यांच्याशी झालंय." मग ती माहेरी जळकोटला गेली, शाळेत विज्ञान शिकवू लागली, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. लोकांना काय सांगायचं ते ईश्वरप्पांनी ठरवलं: सासू-सुनेचं पटलं नाही. ऐकणारा लगेच मान डोलावतो, पुढचं विचारत नाही, पोरालाही बोल लागत नाही. "तुला काय फरक पडतो आता?" ते म्हणाले होते. आणि खरंच, मला काय फरक पडणार होता... मी मान हलवून हाव म्हणाले. लग्नकार्यात म्हणाले, मठात म्हणाले, भाजीवालीपाशीसुद्धा म्हणाले — न्हाई पटलं बाई आमचं.

पडद्यावर यान ग्रहाच्या मागे गेलं. काळोख. आवाज बंद. नुसता इतका वेळ काळोख की जगदेवीला वाटलं वीज गेली. आणि मग एका कडेला उजेडाची बारीक रेघ. हा दोन. पण हा तर स्वप्नालीचा, हा मी तिच्यासाठी धरून ठेवते...

तिसरा आला तेव्हा तिला सावरायला वेळच मिळाला नाही. सात वर्षांनी यानाच्या कप्तानबाईला घरच्यांशी बोलायला एक मिनिट मिळतं. एकच. आणि ती विचारते — अंगणातला नळ गळत होता, तो दुरुस्त केला का? पलीकडून नवरा सांगतो, वायसर बदललं. मिनिट संपतं. जगदेवी हुंदका देऊन रडली. रविवार होता, ईश्वरप्पा आणि सोमेश मिठाई आणायला गेले होते, घरात कुणी नव्हतं. पाच वाजता उदगीरचे पाहुणे यायचे होते, सोमेशला बघायला. नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला करायचा होता, मुरमुरे भिजवायचे बाकी होते. आणि तीन क्षण गोळा झाले होते, कुणाला तरी सांगायचे.

तिने फोन लावला. विचार केला असता तर लावला नसता.

"हॅलो... काकू?"

काकू. आत्या नाही. बरोबरच होतं. दुसरं काय म्हणणार होती पोरगी?

"नव्या सीझनचा नववा भाग बघितलास का गं?" तिने विचारलं.

"न्हाई. शाळेचे पेपर तपासून राहिले." आणि मग, "तुम्ही बऱ्या हायत ना? आज कोन येनार हाय का?"

"तुला कसं कळलं?"

"पाहुणे यायचे असले की तुम्ही हळू बोलता."

"हाव. उदगीरची मानसं. सोमेशसाठी."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. "चांगलं हाय," स्वप्नाली म्हणाली. जगदेवीला वाटलं, आता ही फोन ठेवणार. तेवढ्यात — "मी खोटं बोलले. सकाळीच बघितला. कप्तानबाई नळाचं विचारते ना, तवा तिच्या मागं तुमचा तो म्हातारा स्वयंपाकी उभा हाय. बघितलं का? तो भिंतीवरलं घड्याळ हळूच उलटं करतो. तिला सेकंद दिसू नयेत म्हनून."

जगदेवीने पाहिलं नव्हतं. रडण्यात निसटलं होतं. एवढी बारीक गोष्ट, आणि ती स्वप्नालीने टिपली — म्हणजे तिकडे एकटी बसून ही पोरगी आता माझ्यासारखं बघून राहिली...

"मला काळोख आवडला," जगदेवी घाईने म्हणाली. "ग्रहामागचा. तुला आवडला असंल म्हनून..."

"आवडला," स्वप्नाली म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "ठेवते मी. पाहुण्यांचं बघा."

पाहुणे वेळेवर आले. मुलीची आई महादेवी आणि तिचे यजमान, दोघंच. मुलगी, मंजुश्री, नर्स होती, ड्यूटीवर होती. कपाळावर ठसठशीत विभूती लावलेली महादेवी बसल्या बसल्या घर बघत होती, आणि तिचा जीव त्या न आलेल्या पोरीत अडकलेला दिसत होता. सुशीला खाऊन झाला, गावाकडच्या ओळखी निघाल्या. मग तिने बशी खाली ठेवली.

"वाईट वाटून घेऊ नका, वैनी. पोरगी द्यायची म्हनून इचारते. मागच्या सुनेशी तुमचं पटत न्हवतं म्हनं?"

"ते जुनं झालं आता," ईश्वरप्पा लगबगीने म्हणाले.

वाक्य जगदेवीच्या तोंडात तयार होतं. दोन वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. नुसतं तोंड उघडायचं.

"पटत होतं," ती म्हणाली. "लई पटत होतं आमचं."

ईश्वरप्पांनी तिच्याकडे पाहिलं. महादेवी पुढे सरकली. "मंग?"

"मंग काय ते सोमेश सांगंल. त्याला बोलू द्या."

सोमेशने मान वर केली. तो आईकडे असा बघत होता, जणू ती आत्ताच दारातून आत आली आहे. बाहेर गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या ऑटोंचे हॉर्न वाजत होते, आणि खोलीतली तिन्ही माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. जगदेवी बघत नव्हती. सोयरीक मोडेल, कदाचित. रात्री घरात बोलणं होईल, किंवा होणारच नाही. तिला भीती वाटायला हवी होती. पण दोन वर्षं जे कुठेतरी आत अडवून ठेवलं होतं — सून गेली तर रडायचं नाही, कारण आपलं तर पटतच नव्हतं ना — ते आता छातीत भरून येत होतं, सगळ्यांसमोर, आणि तिने ते येऊ दिलं. माझं माणूस गेलंय, तिला वाटलं... माझं. डोळे भरले ते तिने पुसले नाहीत. महादेवीने विचारलं असतं तर कुणासाठी रडतेय ते तिने सांगितलं असतं.